मोठ्या कॅमेऱ्याची खूण

२ मार्च, सकाळी

निर्णय पक्का. कॅमेरा घेणार.

काल ताईकडे गेलो होतो. ताई या महिनाअखेर रिटायर होते. सगळी नोकरी हॉस्पिटलात, बाळंतिणींच्या वॉर्डात. आता तिथली इन्चार्ज सिस्टर. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. हे मी जवळपास प्रत्येक भाषणात सांगतो. लोकांना आवडतं.

ताई काल एक विचित्र गोष्ट बोलली. म्हणाली, ‘मी कितीतरी फोटोंत आहे रे, पण फक्त कोपरापर्यंत.’ बाळ जन्मलं की बाप फोटो काढायला पुढे येतो. सिस्टर बाळाला दोन्ही हातांवर धरून त्याच्यासमोर करते आणि आपली मान मागे घेते, मध्ये येऊ नये म्हणून. सगळ्या सिस्टर असंच करतात, सवयच लागते. त्यामुळे घरोघरच्या अल्बमांत ताईचे हात आहेत, ताई नाही. स्टाफच्या ग्रुप फोटोत आहे, पण फ्लॅश उडाला की तिचे डोळे मिटतात. आता तिला एकच फोटो हवा आहे. युनिफॉर्ममध्ये, वॉर्डच्या दारात, डोळे उघडे. एक तारखेपासून वॉर्ड नव्या इमारतीत जाणार, जुना भाग पाडणार. आणि युनिफॉर्म रिटायर झाल्यावर घालता येत नाही. ‘घातला तर तोतया म्हणून धरतील,’ असं तीच म्हणाली.

म्हणजे एकच दिवस. ३१ मार्च.

वॉर्डातल्या मुलींनी स्टुडिओवाल्याला सांगून ठेवलं आहे म्हणे. मी ताडकन उभा राहिलो. स्टुडिओवाला! तो म्हणणार, हनुवटी वर, खांदा खाली, हसा. पोझ! पोझ म्हणजे चेहऱ्यानं मारलेली थाप. जिनं आयुष्यभर सत्य हातांवर झेललं, तिच्या वाट्याला शेवटी थाप? नाही! फोटो मी काढीन!

भाची म्हणाली, मामा, चहा सांडतोय.

ताईनं फडकं आणलं. म्हणाली, ‘बरं, काढ.’ तिचा आवाज भरून आला होता. बहुधा.

५ मार्च

कॅमेरा घेतला. शर्टाच्या खिशात मावतो. दुकानातल्या बाईंनी काचेच्या कपाटातून बरेच दाखवले. मी सर्वांत स्वस्त निवडला. परिस्थितीमुळे नव्हे, तत्त्वामुळे. महागडे कॅमेरे सगळं स्वतःच करतात. माणसाच्या प्रतिभेला काही शिल्लक ठेवत नाहीत.

बाईंनी विचारलं, ‘कुणासाठी घेताय? मुलीसाठी?’ मी त्यांना वक्तृत्व आणि छायाचित्रण यांचं नातं समजावून सांगितलं. मागे रांग वाढली. बाई म्हणाल्या, ‘काका, आत पुस्तिका आहे, ती वाचा.’

रंग गुलाबी. काळा शिल्लक नव्हता.

घरी आल्यावर बायकोनं डबा उघडला आणि खूश होऊन म्हणाली, ‘अगंबाई, माझ्यासाठी?’ खुलासा करावा लागला. संध्याकाळ जरा शांततेत गेली.

६ मार्च

पुस्तिका चाळली. एकच मजकूर चौदा भाषांत. मी जन्मभर जाडजाड ग्रंथ पचवले आहेत. जो एकच गोष्ट चौदा भाषांत सांगतो, त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं नसतं. (हे वाक्य छान झालं. युनियनच्या सभेत वापरावं.) पुस्तिका टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली ठेवली. टेबल आता हलत नाही.

बायको म्हणते, फोननं का नाही काढत? फोन बोलण्यासाठी असतो. चमच्यानं कोणी खिळा ठोकतं का? ती म्हणाली, ‘तुम्ही मागे ठोकला होतात.’

विषय बदलला.

७ मार्च

पहिले फोटो. सूर्योदय, खिडकीतून. लगेच स्क्रीनवर बघितले. सगळ्यांत गुलाबीसर ढग, फार सुंदर. बायकोला दाखवले. तिनं चष्मा लावला आणि म्हणाली, ‘हा तुमचा अंगठा आहे.’

संकल्प: अंगठा खाली.

८ मार्च

अंगठा खाली होता. आज तर्जनी आली.

बायकोचा फोटो काढला, भाजी चिरताना, तिला न सांगता. पोझ नाही, निखळ सत्य. तिनं पाहिला आणि डिलीट करायला लावला. सत्य पचवायला मन मोठं लागतं.

११ मार्च

कॅमेरा ऑफिसात नेला. दुपारी हेडक्लार्क खुर्चीत मान टाकून झोपले होते, तोंड उघडं. श्रमिकाची विश्रांती! अशी संधी वारंवार येत नाही. टिपली. फ्लॅश उडेल हे लक्षात आलं नाही. ते ‘आग, आग’ करत उठले.

साहेबांनी बोलावून घेतलं. कॅमेरा पुन्हा ऑफिसात दिसता कामा नये, म्हणाले. मी अभिव्यक्तीवर चार वाक्यं बोललो. साहेब म्हणाले, ‘तोफखाना बंद करा आणि जागेवर जा.’ ऑफिसात मला तोफखाना म्हणतात. प्रेमानं.

१२ मार्च

बायकोला प्रत्येक फोटो लगेच बघायचा असतो, आणि बघून हसायचं असतं. त्यामुळे हात कापतो. पूर्वी रोल धुऊन येईपर्यंत लोक धीरानं थांबायचे. त्या थांबण्यात श्रद्धा होती. काढला की बघ, काढला की बघ, हा उतावळेपणा म्हणजे स्वतःवरचा अविश्वास!

संकल्प: आजपासून एकही फोटो बघणार नाही. थेट ताईच्या घरी, सगळ्यांसमोर, टीव्हीवर. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘अहो, पण एकदा तरी बघा.’

हेच, हेच ते. अविश्वास.

१५ मार्च

शोध लागला! कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक छोटी खिट्टी आहे, सरकवता येते. तिच्याशेजारी दोन चित्रं. एक लहानसा कॅमेरा. दुसरा मोठा, त्याला पुढे भलं थोरलं तोंड, सिनेमावाल्यांकडे असतो तसा. अर्थ उघड आहे. लहान चित्र नवशिक्यांसाठी. मोठं चित्र जाणकारांसाठी. मी इतके दिवस शिकाऊ लोकांच्या रांगेत उभा होतो आणि कोणी सांगितलं नाही.

खिट्टी मोठ्या कॅमेऱ्यावर सरकवली. फरक लगेच जाणवला. तो पोरकट ‘खटॅक’ आवाज गेला. आता बटण दाबलं की सभ्यपणे ‘टुं’ होतं. आणि मुख्य म्हणजे फ्लॅश उडत नाही! ताईचे डोळे मिटायचा प्रश्नच मिटला. जे भल्याभल्या स्टुडिओवाल्यांना साधलं नाही, ते मी एका बोटानं साधलं.

१६ मार्च

मोठ्या पद्धतीचा अभ्यास. टुं झाल्यावर स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकतो. कॅमेरा जागा असल्याची खूण. शेजारी आकडे पळतात. ते बहुधा अंतर मोजतात. मी भिंतीकडून दाराकडे चालत गेलो, आकडे वाढले. थांबलो तरी वाढतच राहिले. अचूक नाहीत. स्वस्तातला आहे शेवटी, चालायचंच.

बायको म्हणाली, वन्संच्या लेकीला एकदा दाखवून घ्या, तिला यातलं कळतं. भाचीला मी अ आ इ ई शिकवलं आहे.

१९ मार्च

स्टुडिओवाल्याकडे जाऊन आलो. चांगला माणूस, पण विचारसरणी चुकीची. भिंतीवर ओळीनं नवरे आणि बायका, सगळ्यांच्या माना एकाच कोनात. मी सरळ मुद्द्यावर आलो. एकतीस तारखेला येऊ नका. का, म्हणून त्यानं विचारलं. मग मी पोझ या विषयावर बोललो. दुकानात पासपोर्ट फोटोसाठी एक बाई बसल्या होत्या. त्या केस विंचरायच्या थांबल्या. मी म्हणालो, ज्या दिवशी माणसानं ‘हसा’ म्हटल्यावर हसायला सुरुवात केली, त्या दिवशी तो गुलाम झाला!

स्टुडिओवाला म्हणाला, ‘म्हणजे ऑर्डर कॅन्सल ना? एवढंच सांगा.’

कॅन्सल.

२० मार्च

ताईचा फोन. वॉर्डातल्या मुलींना कळलं वाटतं. ताई म्हणाली, ‘अरे, त्याला राहू द्यायचं होतंस. तूही काढ, तोही काढेल.’ मी विचारलं, ताई, तुझा माझ्यावर विश्वास नाही का? ती म्हणाली, ‘आहे रे बाबा, आहे.’

गहिवरली असावी.

२६ मार्च

निरोपसमारंभात मुख्य भाषण माझं, हे ओघानंच आलं. भाषणाचा फोटो वर्तमानपत्रात द्यावा असा विचार आहे. ‘बहिणीला निरोप देताना भाऊ.’ तो मला स्वतःला काढता येणार नाही, एवढीच अडचण. कुणाला तरी बटण दाबायला शिकवावं लागेल.

भाषण तयार आहे. शेवट उत्स्फूर्त ठेवणार. उत्स्फूर्त शेवट चार वेळा लिहून काढला.

३१ मार्च, सकाळी

तो दिवस उजाडला.

कॅमेरा पुसला. बॅटरीच्या चित्रात एक रेघ दिसते. एक रेघ आहे म्हणजे बॅटरी आहे. खिट्टी मोठ्या कॅमेऱ्यावर आहे, तपासली. बायकोनं विचारलं, चार्ज केलात का? आज तरी विघ्न नको, म्हणालो.

३१ मार्च, संध्याकाळी

यश! यश! यश!

क्रमानं लिहितो. हॉस्पिटलच्या फाटकावरच्या फलकापासून सुरुवात केली. टुं. कॅमेरा मनगटाला दोरीनं अडकवला. आत गेलो. बायकोशी जरा बोलणं झालं, मग कॉरिडॉरमध्ये चादरींच्या कपाटामागे उभं राहून भाषणाची एक उजळणी केली. कॅमेरा ड्यूटी रूममधल्या टेबलावर ठेवून तोंड धुऊन आलो.

मग समारंभ. वॉर्डातल्या सगळ्यांत लहान सिस्टरला कॅमेरा दिला, सांगितलं, मी मूठ उगारली की बटण दाबायचं. ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, ‘काका, हा चालूच आहे का?’ मी म्हणालो, हो, सकाळपासून चालू आहे. ती आणखी काही विचारत होती, पण माझं नाव पुकारलं गेलं.

भाषण असं झालं की काय सांगू. पहिल्या मुठीला टुं स्पष्ट ऐकू आलं. पुढच्या मुठींच्या वेळी टाळ्या होत्या. शेवटी, ‘ताई, तू मला आई दिलीस,’ या वाक्याला माझा कंठ दाटून आला. आवंढा गिळला. सगळा वॉर्ड रडला. ताईनं पदर नसल्यामुळे ॲप्रनला डोळे पुसले. एक बाळंतीण खाटेवर उठून बसली.

मग मुख्य काम. वॉर्डचं दार. ताई दारात उभी राहिली, पांढराशुभ्र युनिफॉर्म, डोक्यावर टोपी. मुलींना फोन खिशात ठेवायला लावले आणि ताईला, पोझ घ्यायची नाही, असं बजावलं. ती म्हणाली, ‘मग उभी कशी राहू?’ मी म्हणालो, तू जशी आहेस तशी. तिनं हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. बाळ धरल्यासारखे पुढे केले, मग खाली घेतले. मी भराभर बटण दाबलं, या बाजूनं, त्या बाजूनं, एका गुडघ्यावर बसून. समोरच्या खिडकीतून ऊन येत होतं, त्यामुळे स्क्रीन काळी दिसत होती. आणि टुं झालं नाही, एकदाही नाही. कॅमेऱ्यालासुद्धा प्रसंगाचं गांभीर्य कळलं.

ताईचे डोळे पूर्ण वेळ उघडे होते. तिनं पापणीही हलवली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी. ‘आले ना रे उघडे?’ असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हणालो, ताई, निश्चिंत राहा.

ती निश्चिंत झाली. आत जाऊन युनिफॉर्म बदलून आली.

२ एप्रिल

रविवारी ताईकडे सगळे जमणार. वॉर्डातल्या मुलीही येतील. टीव्हीवर फोटो दाखवण्याआधी मी थोडं प्रास्ताविक करीन. विषय: सत्य आणि संयम. बायको म्हणते, एकदा घरी बघून घ्या. मी नुसता हसलो.

संकल्प मोडणं माझ्या रक्तात नाही.

५ एप्रिल

काल लिहिलं नाही. आजही लिहिणार नव्हतो.

लिहितो.

ताईच्या घरी बसायला जागा उरली नव्हती. वॉर्डाच्या मुली जमिनीवर. ताई मधल्या खुर्चीत, नवे कपडे. टीव्हीजवळची भिंत तिनं रिकामी करून ठेवली होती, खिळासुद्धा मारलेला. मी प्रास्ताविक केलं. संयम. रोल धुऊन येईपर्यंत थांबणारी माणसं. टाळ्या झाल्या. भाचीनं कॅमेरा सुरू करायला घेतला, होईना. चार्जरला लावला, वायर टीव्हीला जोडली. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘मामा, यात एकतीस तारखेची एकच फाईल आहे.’

मी म्हणालो, अल्बम असेल, उघड.

‘फोटो नाहीये मामा. व्हिडिओ आहे.’

मोठ्या कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे व्हिडिओ. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. मी फाटकावर सुरू केला. छोट्या सिस्टरनं माझ्या पहिल्या मुठीला बंद केला. पुढे बॅटरी संपली. वॉर्डच्या दारात, एका गुडघ्यावर बसून, मी मेलेल्या कॅमेऱ्याचं बटण दाबत होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. मी उठून वायर काढायला निघालो होतो. पण भाचीनं ‘बघूया तरी’ म्हणून लावलं.

फलक. मग फरशी. माझे बूट, बायकोच्या चपला, उलटसुलट. मनगटाला लटकलेला कॅमेरा, चालेल तसा झोके खाणारा. वॉर्डाच्या मुली हसल्या. मीही हसलो, मोठ्यानं. मग बायकोचा आवाज आला, ‘आधी वन्संचा फोटो काढून घ्या हो, नंतर गडबड होईल.’ आणि त्यावर माझा आवाज, टीव्हीतून, चांगला खणखणीत. माझा आवाज मुळात पोचतो.

‘ताईचा काय, कसाही निघेल. ती डोळेच मिटते. माझ्या भाषणाचा नीट यायला हवा, तो पेपरात द्यायचाय.’

कोणी हसलं नाही. बायको जमिनीकडे बघत होती. ताई टीव्हीकडे.

मी म्हणालो, संदर्भ वेगळा होता. कोणीच विचारलं नव्हतं.

त्यानंतर चादरींचं कपाट, अगदी जवळून. आणि उजळणी. ‘ताई, तू मला... नाही. ताई! तू मला आई दिलीस. इथे थांबायचं. आवंढा. डावीकडे बघायचं. मग रुमाल.’ पुन्हा. ‘आई दिलीस. आवंढा.’ पुन्हा. आवंढ्याचा आवाज येतो की नाही हे बघायला मी तो जोरात गिळून दाखवला होता. कोणाला दाखवला होता कोण जाणे. चार वेळा. वॉर्डातल्या ज्या मुली त्या दिवशी त्याच आवंढ्याला रडल्या होत्या, त्या आता माझ्याकडे न बघण्याची फार काळजी घेत होत्या.

मी भाचीला म्हणालो, पुरे. ताई म्हणाली, ‘चालू दे.’

मग टेबल. मी कॅमेरा आडवा टाकून तोंड धुवायला गेलो होतो, त्यामुळे चित्र आडवं. सगळ्यांनी माना एका खांद्यावर टाकल्या. मीही टाकली. ड्यूटी रूम, ताई औषधांचं कपाट आवरतेय, छोटी सिस्टर तिच्यामागे. छोटी म्हणते, ‘सिस्टर, तुमच्या भावाला येतो ना हो कॅमेरा? स्टुडिओवाल्याला फोन करू का? अजून येईल तो.’

ताई कपाटातच बघत म्हणते, ‘नको गं. येत नाही त्याला, मला माहीत आहे. लहानपणी मला बरं नसलं की पाणी आणायला धावत जायचा आणि भांडं माझ्या उशाशीच विसरायचा. पण माझ्यासाठी म्हणून काहीतरी करायला निघालाय. निघू दे. एक फोटो नसला म्हणून काय होतंय?’

तिला माहीत होतं. दारात उभी राहिली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत पापणी रोखून धरली, ‘आले ना रे?’ विचारलं, तेव्हा तिला माहीत होतं. तरी विचारलं. म्हणजे थोडी आशा होती.

हे इथे लिहिताना आवंढा आला. खरा आहे की उजळणीचा, मलाच कळत नाही.

पुढे आणखी थोडं होतं. एक तरुण बाप दारात येतो, फोन पुढे धरून, ‘सिस्टर, बाळाचा एक काढू का?’ ताई पाळण्यातून बाळ उचलते. दोन्ही हातांवर. पुढे करते, आणि सवयीनं मान मागे घेते. त्या पोराच्या फोनमध्ये हात आणि बाळ आलं असणार. पण टेबल दुसऱ्या बाजूला होतं. टेबलावरून सगळी ताई दिसत होती. टोपी, चेहरा, हात, बाळ. बाळानं जांभई दिली आणि ताई हसली. फोटोत येत नाही आहोत, या खात्रीनं हसली. डोळे सताड उघडे.

भाचीनं तिथेच थांबवलं. खोलीत बराच वेळ सगळे तशाच वाकड्या मानांनी बसून होते.

मग ताई म्हणाली, ‘भाषण छान झालं होतं हो. आवंढा तर अगदी वेळेवर.’ ती हसली, तेव्हा बाकीच्यांना हसता आलं. चहा झाला. मला तिनं कप स्वतः आणून दिला. बिस्किटं वेगळी काढून ठेवली होती, मला आवडतात ती.

याच्यापेक्षा तिनं मला घराबाहेर काढलं असतं तर बरं झालं असतं.

७ एप्रिल

दोष कंपनीचा आहे. मोठ्या कॅमेऱ्याचं चित्र काढायचं आणि त्याचा अर्थ व्हिडिओ ठेवायचा, ही दिशाभूल आहे. जळजळीत पत्र लिहायला घेतलं. संदर्भासाठी टेबलाच्या पायाखालची पुस्तिका काढली. पहिल्याच पानावर खिट्टीचं चित्र, बाणासकट. मजकूर चौदाही भाषांत स्पष्ट आहे.

पत्र फाडलं. टेबल पुन्हा हलायला लागलं आहे.

१० एप्रिल

ऑफिसात शिपाईमामांचा निरोपसमारंभ. मला बोलायला सांगितलं. घसा धरला आहे, म्हणालो. हेडक्लार्क बोलले, चारच वाक्यं. शिपाईमामांना रडू आलं. मी शेवटच्या रांगेत होतो.

११ एप्रिल, दुपारी

उपाय सुचला! ताईला पुन्हा युनिफॉर्म घालायचा. तोतया तर तोतया, पाच मिनिटांचा प्रश्न. वॉर्डच्या दारात उभं करायचं, खिट्टी लहान कॅमेऱ्यावर. ताईला न सांगता आधी जागा बघायला गेलो.

दार नव्हतं. भिंत अर्धी उतरवली होती. चौकट तेवढी उभी होती, मागे मोकळं आभाळ. मजूर जेवायला गेले होते. एक फोटो काढला. लगेच स्क्रीनवर बघितला. अंगठा नाही, तर्जनी नाही, सगळं सरळ रेषेत. आतापर्यंतचा माझा सर्वांत चांगला फोटो.

दारात कोणी नाही.

१३ एप्रिल

भाचीनं तो क्षण व्हिडिओतून वेगळा काढून दिला. मोठा करून फ्रेम करायला हवा. ती म्हणाली, मी जाते. मी म्हणालो, नाही, हे माझं काम आहे. मग कळलं, एवढं मोठं छापून देणारं जवळपास एकच दुकान आहे.

स्टुडिओवाल्यानं ओळखलं. ‘तुम्ही ते पोझवाले ना?’ मी हो म्हणालो. बाकी काही म्हणालो नाही. त्यानं फोटो पडद्यावर घेतला, उभा केला, मागे टेकून बघत राहिला. जरा धूसर आहे, म्हणाला, पण असू दे. आणि मग, ‘वा! बाईंना कळलंसुद्धा नाहीये. कुणी काढला हो हा?’

माझ्याकडे यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पोझ, सत्य, गुलामी. सगळे मुद्दे तिथेच, त्याच दुकानात मांडलेले. तो माझ्याकडे कौतुकानं बघत होता. मी तोंड उघडलं. म्हणालो, टेबलानं.

त्याला विनोद वाटला. म्हणाला, ‘कोपऱ्यात नाव काय टाकू? आम्ही फोटोवर काढणाऱ्याचं नाव टाकतो.’

मी म्हणालो, कोपरा रिकामा सोडा.

‘रिकामा बरा दिसत नाही,’ तो म्हणाला. ‘मग आमच्या स्टुडिओचंच टाकतो.’

२२ एप्रिल

ताईकडे गेलो. फोटो त्या खिळ्यावर लागला आहे. छान दिसतो. ताई पुन्हा पुन्हा तिकडे बघते आणि आपण बघतोय हे कोणाला कळू नये म्हणून टीव्हीवरची धूळ पुसते.

शेजारच्या काकू आल्या होत्या. फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. ‘कित्ती सुरेख आलाय! भाऊ काढणार होता ना, त्यानं काढला?’

ताईनं माझ्याकडे पाहिलं. ती थांबली होती. मी म्हटलं असतं तर तिनं मान डोलावली असती, हे मला तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात काकूंनी चष्मा पुढे ओढून कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली.

‘स्टुडिओचा आहे होय?’ त्या म्हणाल्या. ‘तरीच.’

मी चहा प्यालो.